पटावर जोडी निवडताना: वहीतले काही धडे

सोयाबीन घरात आलं, तूर कापणीला आली आणि हरभऱ्यावर सकाळचं दव दिसायला लागलं की आमच्या वाशिम जिल्ह्यात आणि शेजारच्या अमरावती-यवतमाळात शंकरपटांचे दिवस येतात. पुणे जिल्ह्यात घाटात बैलगाडे पळतात, सांगली-कोल्हापूरकडं मैदानं भरतात; वऱ्हाडात शंकरपट असतो. हलकी रेंगी, दोन बैल, वर एक धुरकरी, समोर सरळ पट्टी आणि शेवटाला घड्याळ. काही सेकंदांत सगळं संपतं आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो.

मी कास्तकाराच्या घरातला. पटावर जातो तो वही घेऊन. कोणती जोडी, कोणत्या गटात, किती वेळात, असं लिहीत आलो. त्यामुळे पट जवळ आला की गावातली पोरं विचारतात, "काका, यंदा कोणाचा नंबर?" मागच्या नोंदींवरून पुढचं ओळखता येतं का, हाच तो प्रश्न. माझं उत्तर असं की बरंच ओळखता येतं, पण एक नोंद का घडली हे ठाऊक असेल तरच. नुसता कल हाती धरून चाललात तर तो कल ज्या परिस्थितीतून आला ती केव्हाच बदललेली असते, आणि वहीला ते कळत नाही. इंग्लंडात लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला ग्रँड नॅशनल नावाची घोड्यांची शर्यत १८३९ पासून होते. सुमारे ६.९ किलोमीटरची धाव आणि वाटेत ३० अडथळे. जुन्या निकालांवरून विजेता शोधायचा छंद जगात या शर्यतीइतका क्वचितच कुठं चालत असेल. आमचा पट आणि ती शर्यत यांत काहीच साम्य नाही, पण नोंदी वाचायचं शिक्षण दोन्हीकडून सारखंच मिळतं. म्हणून तिचेही दाखले देतो.

१. वेळ लिहिण्याआधी पट लिहा.

नुसती "इतके सेकंद" ही नोंद अर्धीच आहे. पटाचं अंतर गावोगाव वेगळं असतं. कायद्यानं वरची मर्यादा १००० मीटरची आहे, आमचे पट त्याच्या कितीतरी आत असतात, पण किती आत हे ज्या त्या गावचं वावर ठरवतं. एका गावचे सेकंद दुसऱ्या गावच्या सेकंदांशेजारी मांडून मोठेपणा ठरवणारे लोक मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. त्यात चांगल्या जोडीवर अन्याय होतो.

अंतराइतकीच महत्त्वाची माती. पेनगंगेकडच्या काळ्या जमिनीवर पट असला तर आयोजक आधी पाणी मारून रोळ फिरवतात. सकाळी दव असतं, वरचा थर दाबलेला असतो, खूर घट्ट बसतो. दुपारपर्यंत कित्येक जोड्या धावून गेल्या की माती फुटते, भुसभुशीत होते आणि त्याच पट्टीवर तीच जोडी मागं पडते. मानोरा-मंगरुळपीरच्या बरड, मुरमाड जमिनीवर उलट आहे. तिथं माती फारशी फुटत नाही, पण खूर घासतो आणि नाजूक खुराचा बैल दुसऱ्या फेरीला पाय आखडतो. म्हणून माझ्या वहीत वेळेच्या आधी चार रकाने आहेत: गाव, माती, उतार कुणीकडं, आणि जोडी कितवी सुटली. शेवटचा रकाना लोक वगळतात. चिठ्ठीत पहिला नंबर लागलेली आणि उन्हात शेवटी सुटलेली, अशा दोन जोड्यांच्या वेळांत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा मातीचा असतो.

एन्ट्रीला रेड रम हा घोडा १९७३, १९७४ आणि १९७७ असा तीनदा जिंकला, मधली दोन वर्षं दुसरा आला. बाकी मैदानांवर तो इतका थोर नव्हता. टायगर रोलनं २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथंच बाजी मारली. एखाद्या जनावराला एखादं मैदान मानवतं. आपल्याकडेही मुरमावर उडणारी आणि काळ्या मातीत बुडणारी जोडी असते. तिचा एकूण सरासरी आकडा काढलात तर ती दोन्हीकडं मध्यमच दिसेल.

२. सगळ्यात चांगला आकडा बाजूला ठेवा.

प्रत्येक मालक आपल्या जोडीची सर्वांत कमी वेळ सांगतो. मी तिच्याखालची दुसरी आणि तिसरी वेळ विचारतो. तिन्ही जवळजवळ असतील तर जोडी भरवशाची. एकच वेळ झळकणारी आणि बाकीच्या दूर असतील तर त्या एका दिवशी काहीतरी जुळून आलं होतं, एवढंच त्यातून कळतं.

३. दात बघा, आणि मधली सात वर्षं विसरू नका.

बैलाचं वय कागदावर नसतं, तोंडात असतं. अदात म्हणजे कोवळा. दोन दात साधारण दोन-अडीच वर्षांना, मग चार, मग सहा, आणि साडेचार-पाचच्या सुमारास बैल दाताला जुळतो. पटावर मी जे पाहिलं त्यात सहा दाती ते जुळून दोन-तीन वर्षं झालेला बैल सर्वांत भरवशाचा. चार दाती गोऱ्हा वेगात कमी नसतो, पण गर्दी, भोंगा, फटाका यांनी बिचकतो. वय वाढलेला बैल बिचकत नाही, पण सुटताना लागणारी उसळी त्याच्यात राहत नाही.

हा कल मी मानतो, कारण त्यामागचं कारण मला दिसतं. पण बैलाच्या वयानंच एकदा सगळ्यांची पंचाईत केली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला तरी प्रत्यक्ष पट सुरू झाले ते १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर, अटी घालून. पुढं १८ मे २०२३ ला घटनापीठानं ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे साडेसात वर्षं पट्टी सुनी होती, आणि बैलाचं पळायचं वय त्याहून लहान असतं. २०१४ च्या नोंदींतला एकही बैल २०२२ च्या पटावर पळण्याच्या वयाचा उरला नव्हता. जे सुटले ते सगळे पहिल्यांदा सुटले, आणि कित्येक धुरकरीही नवखे होते. तरीही लोक जुन्या मालकांच्या नावावर जोड्या निवडत होते. नाव जुनं, दावणीला बैल नवे. काही घरांनी त्या काळात जातिवंत गोऱ्हे जपले, वावरात पळवत ठेवले, त्यांचा माल खरा निघाला. काहींनी ट्रॅक्टर घेतला आणि दावण मोडली. त्या हिवाळ्यात नोंदवहीपेक्षा गोठा पाहून आलेला माणूस जास्त जाणत होता.

ग्रँड नॅशनलमध्ये वयाचा असाच एक पक्का समज होता. १९४० मध्ये बॉग्सकार हा सात वर्षांचा घोडा जिंकला आणि त्यानंतर ८० वर्षांहून जास्त काळ सात वर्षांचा एकही घोडा जिंकला नाही. लोक यादी हातात आली की सात वर्षांचे घोडे आधी खोडत. २०२२ मध्ये नोबल येट्स जिंकला, आणि तो सात वर्षांचा होता. या शर्यतीत त्या वयाचे घोडे मुळातच कमी उतरत, ही गोष्ट खोडणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती.

४. नियम बदलला की वहीचं नवं पान उघडा.

माझ्या मते हा सर्वांत मोठा धडा आहे आणि पटाच्या मैदानावर याकडंच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

बंदीआधीच्या पटांवर पराणी चाले, तुतारी चाले, शेपूट पिरगाळणं चाले. ते पाहवत नसे. पण नोंदींच्या दृष्टीनं सांगायचं तर त्या वेळा बैलाच्या नव्हत्याच, माराच्या होत्या. सुस्त पण अंगात जोर असलेला बैल टोचला की उसळायचा आणि नंबर काढायचा. आपणहून पळणारा तरतरीत बैल मार लागला की उलट बिथरायचा, पट्टी सोडायचा. म्हणून जुन्या नोंदींत भारी, रुंद छातीचे, थंड डोक्याचे बैल वर दिसतात. "पटाला जड बैल पाहिजे" हा समज तिथून आला.

आता धुरकऱ्याच्या हातात काठी, चाबूक, पिंजरी, विजेचा झटका देणारं यंत्र काहीही चालत नाही. जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यामुळे आता कासऱ्याच्या हलक्या इशाऱ्यावर आणि आवाजावर निघणारा बैल वर आला. अंगानं सडपातळ, कान सतत फिरवणारा, मालकाची हाक ओळखणारा. जुनी वही धरून चालणाऱ्यांना हे बैल हलके वाटतात. मला ते मनापासून आवडतात. आपल्या खुशीनं पळणारं जनावर पाहण्यात जो आनंद आहे तो मारून पळवलेल्यात कधीच नव्हता.

एन्ट्रीचा दाखला इथं फार बोलका आहे. तिथं चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन शर्यत बरोबरीची करतात. १९८४ ते २००९ या काळात ११ स्टोनांहून, म्हणजे सुमारे ७० किलोंहून, जास्त वजन घेऊन जिंकलेला घोडा एकच, २००५ चा हेजहंटर. इतका स्पष्ट कल असल्यावर कोणीही म्हणेल, जड वजनाचे घोडे खोडा. पण २०१० पासून डोन्ट पुश इट, नेपच्यून कोलाँज, मेनी क्लाउड्स, २०१९ चा टायगर रोल, आय ॲम मॅक्सिमस आणि २०२५ मध्ये निक रॉकेट, हे सगळे ११ स्टोनांहून जास्त वजन घेऊन जिंकले. घोडे काही अचानक बळकट झाले नव्हते. वजन ठरवणाऱ्यानं वरच्या घोड्यांना थोडी सवलत द्यायला सुरुवात केली होती. अडथळेही हळूहळू सौम्य होत गेले होते. २०१३ मध्ये तर त्यांच्या आतला लाकडी गाभा काढून लवचीक प्लास्टिकचा बसवला. पडायची भीती कमी झाल्यावर मालक आपले उत्तम घोडे इथं उतरवू लागले. २०२४ पासून घोड्यांची संख्याही ४० वरून ३४ वर आणली आहे, म्हणजे जुने कल पुन्हा तपासून घ्यावे लागतील.

५. जे घडलं नाही ते घडूच शकत नाही असं धरू नका.

"बाईमाणसाच्या हातात जोडी टिकत नाही" असं पटावर मोठ्या विश्वासानं सांगितलं जायचं. पुरावा काय, तर आजवर कुणा बाईनं नंबर काढला नाही. अहो, हाकायलाच कुणी दिलं नव्हतं तर नंबर निघणार कुठून? अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट वऱ्हाडात नावाजलेला. तिथं बायका जोड्या हाकतात आणि ते पाहायला लांबून माणसं येतात. आमच्या कारंज्याकडून मीही जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सर्वांत आधी नजरेत भरला तो कासरा. जोराची ओढ नाही, झटका नाही, दोन्ही बैलांच्या माना सरळ. जोडी सुटली तेव्हा धुरकरीण पुढं वाकून एकसारखी बोलत होती, आरडाओरड नाही. ज्या घरात बाई रोज चारा-पाणी करते तिथं बैल तिचाच आवाज जास्त ओळखतो, हे खरं तर कुणालाही सुचायला हवं होतं.

एन्ट्रीलाही शार्लट ब्रू ही पहिली स्त्री जॉकी १९७७ मध्ये उतरली आणि रेचल ब्लॅकमोर मिनेला टाइम्सवर २०२१ मध्ये जिंकली. मधल्या सगळ्या वर्षांत "स्त्री जॉकी जिंकत नाही" हा कल कागदावर शंभर टक्के खरा होता.

६. विजेत्यांची यादी वाचली असेल तर हरलेल्यांचीही वाचा.

समजा कोणी सांगितलं की गेल्या दहांतले आठ नंबर पांढऱ्या बैलांनी काढले. ऐकायला पक्कं वाटतं. पण पटावर उतरलेल्या दहांतले आठ बैल पांढरेच असतील तर रंगानं काहीच केलं नाही. आमच्याकडं पटाला खिल्लारी बैल आणायचा ओढा वाढला आहे आणि खिल्लार बहुतेक पांढराच. तेव्हा नंबर पांढऱ्याचे जास्त दिसणारच.

शिवाय वर्षाला एका गावात पहिला नंबर एकच. वीस वर्षं धरली तरी वीस नावं. त्या वीस नावांवर रंग, शिंगं, भोवरा, शेपटीचा गोंडा, मालकाचं आडनाव, सुटायची वेळ असं काहीही लावत बसलात तर एखादी गोष्ट जुळतेच. ते जुळणं खरं की योगायोगाचं हे ओळखायची माझी एक रीत आहे. त्या खुणेमुळं बैल जोरात कसा पळेल, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. छाती रुंद म्हणून दम जास्त, हे सांगता येतं. भोवरा कपाळावर म्हणून वेग जास्त, हे कोणाला सांगता येत नाही.

इथं माझी एक खंतही लिहितो. जुन्या गॅझेटियरांत वऱ्हाडी बैलाचे खामगावी आणि उमरडा असे दोन प्रकार नोंदलेले आहेत. उमरडा अंगानं लहान, पण काटक. विजेत्यांत तो दिसत नाही म्हणून लोक म्हणतात तो पळत नाही. पण पटावर आणलाच किती जणांनी?

७. जोडी फोडून वाचा.

नोंद जोडीच्या नावानं होते, पण जोड्या मोडतात. एक बैल विकला जातो, एक दुखावतो, दोन मालक आपापला एकेक बैल आणून नवी जोडी करतात. म्हणून मी प्रत्येक बैलाचं वेगळं पान ठेवतो: डाव्या अंगाला पळाला की उजव्या, सोबती कोण, धुरकरी कोण. डाव्या अंगाला वाढलेला बैल उजवीकडं जुंपला की पहिले काही क्षण तो सोबत्याकडं ढकलतो आणि रेंगी तिरपी होते. पटात तेवढ्यात सगळं जातं.

८. आजारपण नोंदीत लिहा.

लाळ्या-खुरकुतातून उठलेला बैल वरून धडधाकट दिसतो, पण पुढं उन्हात धापतो. कित्येकांची ही धाप जन्मभर जात नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार आणि शर्यती सरकारनं थांबवल्या. त्या साथीतून वाचलेल्या बैलांची आधीची वेळ मी रेघ मारून वेगळी केली. आजारानंतर जे जनावर उभं राहतं त्याला नव्यानं पाहायचं असतं.

त्याच कारणानं पटाच्या दिवशी मी सकाळीच जोड्या बांधल्या असतील तिकडं फिरतो. टेम्पोतून रात्रभर उभा राहून आलेला बैल ओळखू येतो. एक मागचा पाय सतत सैल सोडतो. निवांत रवंथ करणारा, शेण बांधीव टाकणारा, ओली नाकपुडी असलेला बैल दिसला की वहीतल्या त्याच्या वेळेवर माझा विश्वास बसतो. ढेपीकडं तोंडही न लावणाऱ्या बैलाचा मागचा आकडा कितीही चांगला असो, त्या दिवशी त्याला मी धरत नाही. त्याला पळवूही नये, असं मालकाला जाऊन सांगतोही. काही ऐकतात.

९. निवडण्यापेक्षा खोडणं सोपं.

मागच्या नोंदींचा खरा उपयोग इथं आहे. तीस जोड्यांतून एक ओळखायची म्हटली तर कुणालाच जमणार नाही. पण माती न मानवणाऱ्या, फार कोवळ्या, नव्यानं जुंपलेल्या, आजारातून उठलेल्या अशा जोड्या खोडत गेलं की पाच-सहा उरतात. त्या पाच-सहांत नंबर असेल असं मी म्हणतो. त्यापुढं बोट ठेवत नाही. एन्ट्रीला १९६७ मध्ये २३ व्या अडथळ्यापाशी बिनस्वाराचा एक घोडा आडवा गेला, मागचे घोडे एकमेकांवर आदळून थांबले आणि फार मागं राहिलेला फॉइनेव्हन त्या गर्दीला वळसा घालून पार झाला. तो जिंकला तेव्हा त्याचा भाव एकाला शंभर होता. कुणाच्या नोंदीत हे बसणार? पटावरही ऐन वेळी कुणाचं तरी छोटं पोर पट्टीच्या कडेला येतं आणि बैल कान टवकारतो.

पैसे लावायला मी कुणाला जोडी सांगत नाही. पोरांना हे आधीच सांगून ठेवलंय.

१०. यंदा काय बघणार आहे.

डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर जन्मलेले गोऱ्हे आता सहा दाती झालेत, काही जुळायच्या बेतात आहेत. नव्या नियमांत जन्मून वाढलेली ही पहिली पिढी. यांतल्या ज्यांना पहिल्यापासून हाकेवर वाढवलं, त्यांच्या वेळा मी वेगळ्या पानावर घेतोय. माझा अंदाज असा की सुटताना ते जुन्या बैलांपेक्षा संथ दिसतील, पण पट्टी सरळ धरतील आणि शेवटी मागं हटणार नाहीत. गावातल्या दोन पोरांना रकाने आखून दिलेत: गाव, माती, उतार, कितवी सुटली, दात, कोणत्या अंगाला, सोबती, धुरकरी, मग वेळ. पौषातल्या पहिल्या पटापासून ती दोघं एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला उभे राहून लिहिणार आहोत.